मिळालेलं ऑलिंपिक परत करणारं शहर : डेन्व्हर १९७६

प्रकरण थोडक्यात

१२ मे १९७० रोजी ॲमस्टरडॅममध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं यजमानपद अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराला दिलं. अडीच वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९७२ रोजी, कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी या स्पर्धेसाठी राज्याच्या तिजोरीतून पैसा द्यायला नकार दिला आणि त्याच महिन्यात डेन्व्हरने यजमानपद सोडलं. महायुद्धामुळे ऑलिंपिक हातचं गेल्याची उदाहरणं आहेत. लोकांनी मतपेटीतून नको म्हटलं म्हणून मिळालेलं ऑलिंपिक परत करावं लागलं, असं हे एकच.

या घटनेच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. एकीत मूठभर आंदोलक राज्याची सोन्यासारखी संधी घालवतात. दुसरीत सामान्य माणसं बड्या धेंडांना रोखतात. घटनाक्रम नीट लावून पाहिला की मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. निकाल १९७२ च्या मतदानात लागला हे खरं, पण तो घडला त्याच्या कितीतरी आधी, अर्जात कोणता डोंगर दाखवायचा हे ठरलं तेव्हा.

सार्वजनिक पदांवरच्या व्यक्तींचीच नावं इथे घेतली आहेत. समितीतले स्वयंसेवक, गावकरी आणि सह्या गोळा करणारे कार्यकर्ते यांची नावं घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळाला १८७६ मध्ये. म्हणजे १९७६ हे राज्याचं शंभरावं वर्ष आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं. असा योग साधून जगाला घरी बोलवावं, ही कल्पना कुणालाही पटण्यासारखीच होती. राज्यपाल जॉन लव्ह यांनी १९६० च्या दशकात बाहेरच्या उद्योगांना राज्यात आणण्यासाठी मोठी मोहीम चालवली होती. स्कीइंगचा धंदा जोरात होता. व्हेलसारखं नवं पर्यटनस्थळ १९६२ मध्ये सुरू होऊन काही वर्षांतच नावारूपाला आलं होतं. राज्याची लोकसंख्या १९६० मध्ये साडेसतरा लाख होती, ती १९७० मध्ये बावीस लाखांवर गेली. या वाढीला जगाच्या नकाशावर ठसठशीत खूण हवी होती आणि ती ऑलिंपिकने मिळेल, असा सरळ हिशेब होता.

१९६७ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने देशाचा उमेदवार म्हणून डेन्व्हरची निवड केली. पुढे ॲमस्टरडॅमला समोर होते स्वित्झर्लंडचं सिओन, फिनलंडचं तांपेरे आणि कॅनडाचं व्हँकुव्हर. पहिल्या फेरीत डेन्व्हरला २९, सिओनला १८, तांपेरेला १२ आणि व्हँकुव्हरला ९ मतं पडली. दुसऱ्या फेरीत सिओनने ३१ विरुद्ध २९ अशी आघाडी घेतली. शेवटच्या फेरीत डेन्व्हर ३९-३० ने जिंकलं. विजय काही एकतर्फी नव्हता, आणि ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण अर्जात एखादी गोष्ट थोडी कमी आकर्षक दिसली असती तर १९७६ चं ऑलिंपिक आल्प्समध्ये गेलं असतं. शेवटी ते तिथेच गेलं, पण वेगळ्या वाटेने.

काळही बदलत होता. १ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा लागू झाला. २२ एप्रिलला पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या मतदानाच्या तीनच आठवडे आधी. कोलोरॅडोत नव्याने राहायला आलेले लोक डोंगरांच्या ओढीने आले होते, आणि डेन्व्हरवर हिवाळ्यात साचणारं तपकिरी धुरकट आभाळ त्यांना रोज दिसत होतं. अर्ज लिहिला गेला तो १९६७ च्या मनःस्थितीत. तो अमलात आणायचा होता १९७० नंतरच्या लोकांमध्ये.

समस्या : अर्जातला डोंगर आणि खरा डोंगर

हिवाळी ऑलिंपिकला काय काय लागतं ते आधी पाहू. पुरुषांच्या डाउनहिल शर्यतीला वरपासून खालपर्यंत साधारण ८०० मीटर उंचीचा सलग उतार लागतो आणि त्यावर भरवशाचा बर्फ लागतो. क्रॉसकंट्री स्कीइंग आणि बायथलॉनला झाडीतून जाणारा चढउताराचा लांबलचक मार्ग लागतो, तोही पांढराशुभ्र राहिलेला. बॉबस्लेला, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीला, दीड किलोमीटरच्या आसपास बर्फाची वळणदार घसरण लागते. ती बांधायला प्रचंड खर्च येतो आणि स्पर्धा संपल्यावर तिचा उपयोग करणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

डेन्व्हर शहर वसलंय पठारावर, १,६०० मीटर उंचीवर, रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी. शहरातून पश्चिमेला पाहिलं की डोंगरांची रांग अगदी हाकेच्या अंतरावर दिसते. पण पूर्वेकडच्या या उतारांवर ऊन भरपूर असतं आणि चिनूक नावाचा कोरडा, उबदार वारा वाहिला की पडलेला बर्फ बघता बघता वितळतो. भरवशाचा जाड बर्फ पडतो तो मुख्य रांगेच्या पलीकडे : व्हेल, ॲस्पेन, स्टीमबोट स्प्रिंग्ज. तिथे पोचायला घाट ओलांडावे लागतात. घोडं पेंड खात होतं ते इथेच.

१९६८ चं ग्रनोबल ऑलिंपिक दूरदूर विखुरलेलं आणि खर्चिक झालं म्हणून नाराजी होती. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांना तर हिवाळी ऑलिंपिकच मुळात पसंत नव्हतं. त्यामुळे 'सगळं शहराच्या जवळ' हा मुद्दा अर्जात वजनदार ठरणार हे उघड होतं. डेन्व्हरच्या समितीने अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या, शर्यतींसाठी लव्हलंड खिंडीजवळचा माउंट स्निक्टाऊ दाखवला, क्रॉसकंट्रीसारख्या नॉर्डिक प्रकारांसाठी एव्हरग्रीन हे पायथ्याजवळचं गाव आणि बॉबस्लेसाठी त्याच भागातली इंडियन हिल्सची जागा. नकाशावर सगळं सुटसुटीत दिसलं.

माउंट स्निक्टाऊची उंची ४,००० मीटरच्या वर आहे. माथ्यावर झाड नाही, आडोसा नाही. पडलेला बर्फ वारा उडवून नेतो आणि कड्यांवर खडक व वाळलेलं गवत उघडं पडतं. अर्जासोबत दिलेल्या छायाचित्रात मात्र हा उतार पांढराशुभ्र होता. नसलेला बर्फ छायाचित्रावर रंगाच्या फवाऱ्याने भरला होता. पुढे ही गोष्ट बाहेर आली तेव्हा आयोजकांच्या बाकी सगळ्या आकड्यांवर लोकांनी विश्वास ठेवणं सोडलं. मला हे चित्र प्रकरणाच्या मध्यभागी ठेवावंसं वाटतं, कारण त्यात आयोजकांची अडचण आणि त्यांनी त्यावर काढलेला मार्ग दोन्ही एका चौकटीत दिसतात. त्यांना बर्फ हवा होता तिथे तो पडत नव्हता, आणि पडत होता तिथे जायची त्यांची तयारी नव्हती.

एव्हरग्रीनमध्ये गोष्ट आणखी रोखठोक होती. तिथे माणसं राहत होती. ठरवलेला स्कीमार्ग नकाशावर आखला तर तो घरांच्या मागच्या अंगणांतून जायचा. बायथलॉनमध्ये खेळाडू पाठीवर बंदूक घेऊन स्की करतात आणि मध्येमध्ये थांबून नेम धरतात. हे सगळं वस्तीच्या इतक्या जवळ होणार, याची गावकऱ्यांना कुणी कल्पनाही दिलेली नव्हती. आपल्या गावात ऑलिंपिक भरणार हे त्यांना वर्तमानपत्रातून कळलं. ते संघटित झाले, आणि नगरपालिकेत खेटे घालत न बसता त्यांनी थेट ऑलिंपिक समितीच्या सदस्यांना पत्रं धाडायला सुरुवात केली.

तिसरी अडचण पैशाची. अर्जाच्या वेळी खर्चाचा अंदाज होता सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर. १९७२ येईपर्यंत आयोजकांचाच आकडा साडेतीन कोटींच्या घरात गेला, आणि विरोधक त्याहून कितीतरी मोठे आकडे मांडत होते. दरवेळी नवा आकडा आला की जुना कसा चुकला याचं धड उत्तर मिळत नव्हतं.

कोणकोणते पर्याय होते

१९७० च्या उत्तरार्धात आणि १९७१ मध्ये आयोजकांसमोर रस्ते बरेच होते. त्या वेळी हातात साडेपाच वर्षं होती, हे विसरता कामा नये.

पहिला रस्ता म्हणजे अर्जाला चिकटून राहणं : स्निक्टाऊ आणि एव्हरग्रीन. जे कबूल केलं तेच करतोय, हे सांगता आलं असतं. पण स्निक्टाऊवर शर्यती घ्यायच्या तर बर्फ कुठून आणायचा याला उत्तर नव्हतं, आणि एव्हरग्रीनमध्ये रोज नवा विरोधक तयार होत होता.

दुसरा रस्ता पायथ्याच्याच पट्ट्यात दुसरी जागा शोधण्याचा. समितीने त्यात बराच वेळ घालवला. त्यातून प्रत्येक नव्या गावात तीच भीती पोचली, आणि एका गावापुरता असलेला विरोध संपूर्ण पट्ट्यात पसरला.

तिसरा रस्ता डोंगर ओलांडण्याचा, म्हणजे अल्पाइन शर्यती व्हेलच्या बाजूला आणि नॉर्डिक प्रकार स्टीमबोटला नेण्याचा. क्रीडादृष्ट्या हाच खरा पर्याय होता. स्टीमबोटमध्ये स्की जंपिंगची जुनी परंपरा होती आणि तिथली माणसं खेळाच्या बाजूची होती. पण रस्त्याने स्टीमबोट डेन्व्हरपासून सुमारे २५० किलोमीटर. ज्या ऑलिंपिक समितीकडे 'सगळं जवळ' म्हणून मतं मागितली तिच्यासमोर जाऊन हे सांगणं म्हणजे अर्जच खोटा होता असं मान्य करणं. शिवाय व्हेलजवळच्या बीव्हर क्रीक खोऱ्यात नवी स्कीभूमी उभारायची तर राष्ट्रीय वनजमीन लागणार, म्हणजे केंद्राची परवानगी आणि पर्यावरणाची नवी तपासणी आलीच.

बॉबस्लेचा प्रश्न वेगळा काढता आला असता. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिंपिकमध्ये फार थोडे देश उतरणार आणि खर्च परवडणार नाही म्हणून बॉबस्ले घेतलंच नव्हतं. पायंडा पडलेला होता. तो जर १९७० मध्येच पुढे केला असता, तर एक महागडी, वादग्रस्त जागा यादीतून गेली असती आणि आयोजक काटकसर करतायत असा संदेशही गेला असता.

आणि एक पर्याय ज्याचा त्या काळी कुणी गांभीर्याने विचार केल्याचं दिसत नाही : लोकांना विचारणं. १९७१ मध्ये राज्यभर मतदान घेतलं असतं तर हो किंवा नाही, जे काही आलं असतं ते वेळेत आलं असतं. राज्यपाल आणि आयोजक यांना वाटत होतं की लोक आपल्याच बाजूचे आहेत. वाटत होतं, तर मग विचारायला हरकत काय होती, हा प्रश्न मला आजही पडतो. बहुधा त्यांना ती औपचारिकता वाटली, आणि औपचारिकता म्हणून ती पुढे ढकलली गेली.

विरोधकांसमोरही पर्याय होते. कोर्टात जाणं, पर्यावरण कायद्याचा आधार घेणं, विधिमंडळात अर्थसंकल्प अडवणं, ऑलिंपिक समितीवर दबाव आणणं. विधिमंडळातले डेमोक्रॅट सदस्य रिचर्ड लॅम हे हिशेबतपासनीस आणि वकील. त्यांनी खर्चाच्या आकड्यांवर सभागृहात सतत बोट ठेवलं, पण तिथे बहुमत सत्ताधाऱ्यांचं होतं. उरला तो मतपेटीचा मार्ग. कोलोरॅडोच्या घटनेत ठरावीक संख्येने नागरिकांच्या सह्या जमवल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतदानाला ठेवता येतो.

काय केलं गेलं

आयोजकांनी शेवटी तिसराच रस्ता धरला, पण एका दमात नव्हे, हप्त्याहप्त्याने. एव्हरग्रीन सोडलं, नॉर्डिक प्रकार स्टीमबोटला नेले, स्निक्टाऊ सोडून अल्पाइन शर्यती बीव्हर क्रीककडे वळवल्या. प्रत्येक बदल आपल्या जागी बरोबरच होता. पण दीड-दोन वर्षं दर काही महिन्यांनी नवी जागा जाहीर होत राहिली, तेव्हा लोकांच्या मनात एकच गोष्ट ठसली : यांना स्वतःलाच माहीत नाही काय करायचंय. योग्य निर्णय चुकीच्या क्रमाने घेतले की त्यांचं श्रेय मिळत नाही, फक्त गोंधळ पदरात पडतो.

१९७२ च्या सुरुवातीला जपानमधल्या सापोरोला हिवाळी ऑलिंपिक भरलं आणि ऑलिंपिक समितीची बैठकही तिथेच झाली. डेन्व्हरचे प्रतिनिधी बदललेल्या जागांची मान्यता मागायला गेले होते. एव्हाना विरोधकांची 'सिटिझन्स फॉर कोलोरॅडोज फ्युचर' नावाची संघटना उभी राहिली होती. तिचे काही कार्यकर्ते सह्यांचा गठ्ठा घेऊन सापोरोत दाखल झाले आणि स्पर्धा आमच्याकडे नको असं त्यांनी सदस्यांना सांगितलं. ब्रंडेज चिडले, बरीच चर्चा झाली, पण यजमानपद डेन्व्हरकडेच राहिलं.

आयोजकांनी ही मान्यता विजय समजली. प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मला हेच वाटतं. सापोरोला त्यांना खरा इशारा मिळाला होता : परक्या देशात जाऊन स्वतःच्या राज्याविरुद्ध बोलायला माणसं तयार आहेत, म्हणजे घरी काहीतरी फार बिनसलंय. तिथून परत आल्यावर गावोगाव बसून, खर्चाची कमाल मर्यादा लेखी देऊन, वाद मिटवायला नऊ महिने होते. त्याऐवजी भर राहिला तो ऑलिंपिक समितीला खूश ठेवण्यावर.

विरोधकांनी मात्र सापोरोतून वेगळा धडा घेतला. परदेशी समिती आपलं ऐकणार नाही, तेव्हा पैशाचा नळच बंद करायचा. प्रस्ताव त्यांनी विलक्षण नेमका लिहिला : १९७६ च्या ऑलिंपिकसाठी राज्याला कर लावता येणार नाही आणि खर्चही करता येणार नाही. स्पर्धा वाईट आहे, डोंगर वाचवा, वाढ थांबवा, यातलं त्यात काहीही नव्हतं. याचा परिणाम असा झाला की डोंगर वाचवू पाहणारे आणि कर वाढू नयेत म्हणणारे, राजकारणात एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एकाच रांगेत उभे राहिले. ऑलिंपिक आवडणारा माणूससुद्धा 'खेळ होऊ दे, पण माझ्या पैशातून नको' असं म्हणून या प्रस्तावाला मत देऊ शकत होता.

सह्यांची मोहीम पायी चालली. दुकानांबाहेर आणि रस्त्याच्या कडेला घडीची टेबलं मांडून, तरुण कार्यकर्ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून अर्ज समजावून सांगत. सुमारे पन्नास हजार सह्या लागत होत्या. जमल्या ७७ हजारांहून जास्त.

उन्हाळा संपता संपता आयोजक जागे झाले. मशाल आत्ताच पेटवू या अशा अर्थाचं घोषवाक्य घेऊन मोठी प्रचारमोहीम निघाली. तिच्यावर विरोधकांच्या कितीतरी पट पैसा खर्च झाला. केंद्र सरकारने सुमारे दीड कोटी डॉलर द्यायची तयारी दाखवली होती, पण राज्य आपला वाटा देणार असेल तरच. राज्याच्या वाट्याचे म्हणून ५० लाख डॉलर सांगितले जात होते. ही रक्कम राज्याच्या मानाने फार मोठी नव्हती, आणि आयोजक हेच वारंवार सांगत होते. पण दोन वर्षांत जागा, अंतरं आणि अंदाज बदलताना पाहिलेल्या मतदाराने 'फक्त ५० लाख' हा शब्द कशाच्या भरवशावर धरायचा?

निकाल

७ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूकही होती, त्यामुळे मतदान भरघोस झालं. पैसा नाकारण्याच्या बाजूने ५,१४,२२८ मतं पडली, विरुद्ध ३,५०,९६४. म्हणजे जवळजवळ साठ टक्के. त्याच दिवशी रिपब्लिकन रिचर्ड निक्सन यांनी कोलोरॅडो मोठ्या फरकाने जिंकलं, यावरून हा कौल एका पक्षाचा नव्हता हे दिसतं. डेन्व्हर शहराच्या मतदारांनीही शहराच्या तिजोरीबाबत तसाच कौल दिला. राज्य गेलं, शहर गेलं आणि अटीमुळे केंद्राचाही पैसा गेला. खासगी पैशावर स्पर्धा भरवायचा विचार झाला आणि लगेच मावळला.

ऑलिंपिक समितीवर नवा यजमान शोधायची वेळ आली. इस्रायली खेळाडूंच्या हत्येने रक्तरंजित झालेल्या म्युनिकच्या उन्हाळी ऑलिंपिकला तेव्हा दोनच महिने झाले होते. नवे अध्यक्ष लॉर्ड किलानिन यांच्या कारकिर्दीची सुरुवातच अशी झाली. व्हँकुव्हरजवळच्या व्हिसलरला विचारणा झाली, पण ब्रिटिश कोलंबियात नुकतंच सरकार बदललं होतं आणि नकार आला. शेवटी फेब्रुवारी १९७३ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची निवड झाली.

इन्सब्रुकने १९६४ मध्येच हिवाळी ऑलिंपिक भरवलं होतं. बर्गइझेलची स्की जंपची टेकडी होती, बर्फाचं क्रीडागृह होतं, पाचरकोफेल डोंगराचा उतार होता. तीन वर्षांत त्यांनी मोठं नवं बांधलं ते मुख्यतः इग्लस गावातला बॉबस्ले आणि ल्यूज (पाठीवर झोपून चालवायची छोटी घसरगाडी) यांचा एकत्रित ट्रॅक, यंत्राने गोठवला जाणारा. ४ फेब्रुवारी १९७६ च्या उद्घाटनाला दोन ज्योती पेटल्या, एक १९६४ ची आणि एक १९७६ ची. ऑस्ट्रियाच्याच फ्रान्झ क्लामरने डाउनहिलमध्ये तोल जातो की काय अशा थरारक धावेने सुवर्ण मिळवलं ते पाचरकोफेलवरच. वाट्याला आलेली घाईची जबाबदारी या शहराने चोख पार पाडली.

कोलोरॅडोत राजकारण उलटलं. लॅम १९७४ मध्ये राज्यपाल म्हणून निवडून आले आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. डोंगरांवरची वाढ मात्र थांबली नाही. लॅम यांनी सुरुवातीला अडवून पाहिलेला बीव्हर क्रीक प्रकल्प १९८० मध्ये उघडलाच. त्याच परिसरात अल्पाइन स्कीइंगची विश्वविजेतेपद स्पर्धा १९८९, १९९९ आणि २०१५ अशी तीनदा भरली. आंदोलकांपैकी ज्यांना वाढ रोखायची होती त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. ज्यांना सार्वजनिक पैसा वाचवायचा होता त्यांचं म्हणणं मात्र काळाने उचलून धरलं. ॲमस्टरडॅमच्या त्याच बैठकीत १९७६ चं उन्हाळी ऑलिंपिक माँट्रियलला मिळालं होतं. त्याचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं.

वेगळं काय करता आलं असतं

सोपं उत्तर असं : अर्जातच व्हेल आणि स्टीमबोट दाखवायचे, बॉबस्ले वगळायचं, आणि अंतर मान्य करायचं. पण इथे थांबणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. तसा अर्ज केला असता तर डेन्व्हर ॲमस्टरडॅमला बहुधा हरलं असतं. दुसऱ्या फेरीत सिओन पुढे होतंच. म्हणजे आयोजकांसमोरचा खरा पेच हा होता की जिंकून देणारा अर्ज अमलात येण्यासारखा नव्हता, आणि अमलात येण्यासारखा अर्ज जिंकण्यासारखा नव्हता. त्यांनी पहिला निवडला. आधी कळस, मग पाया.

माझ्या मते हरण्याची तयारी ठेवून खरा अर्ज करणं हेच राज्याच्या हिताचं होतं. हरले असते तर १९८० साठी पुन्हा आले असते, तेही व्हेल आणि स्टीमबोटचा पुरेसा अभ्यास पाठीशी घेऊन. १९८० चं हिवाळी ऑलिंपिक शेवटी अमेरिकेतल्याच लेक प्लॅसिडला गेलं आणि मतदानाच्या वेळी त्याला प्रतिस्पर्धीही उरला नव्हता. पण शंभरी १९७६ मध्ये होती, १९८० मध्ये नव्हती. तारखेच्या मोहाने त्यांचे हात बांधले.

जिंकल्यानंतरही सावरायला जागा होती. १९७० च्या हिवाळ्याआधीच, एका घोषणेत, सगळ्या जागा बदलून टाकल्या असत्या तर एकदाच टीका झाली असती. एव्हरग्रीनच्या लोकांकडे आधी जाऊन 'तुमच्या अंगणातून मार्ग जाणार नाही' असं लिहून दिलं असतं, तर पहिली संघटना उभी राहण्याचं कारणच संपलं असतं. ते पहिले विरोधक पर्यावरणवादी म्हणून उभे राहिले नव्हते. ते घरमालक होते आणि त्यांची मागणी साधी होती. तिला उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून ती चळवळ झाली.

ऑलिंपिक समितीकडेही बोट दाखवायला हवं. अर्जातल्या डोंगरावर जानेवारीत कुणी स्वतंत्र माणूस पाठवून बर्फ मोजला असता तर स्निक्टाऊचं चित्र टिकलं नसतं. स्थानिक लोकांची संमती आहे का, हा प्रश्न तेव्हा अर्जाच्या छाननीत नव्हता. तो गंभीरपणे घ्यायला समितीला अनेक दशकं लागली, आणि तोवर नकारांची रांग लागली. २०२२ च्या स्पर्धेसाठी म्युनिक आणि क्रॅकोव्ह यांनी सार्वमतातून माघार घेतली, ऑस्लोने सरकारचा पाठिंबा न मिळाल्यामुळे. शेवटी बीजिंग आणि अल्माटी दोघंच उरले. २०२६ साठी ऑक्टोबर २०१७ मध्ये, इन्सब्रुक ज्यात येतं त्या टिरोल प्रांताने नाही म्हटलं आणि इन्सब्रुक शहरात तर नकार आणखी ठाम होता. जून २०१८ मध्ये सिओनच्या व्हाले प्रांतानेही नाकारलं. १९७० मध्ये डेन्व्हरकडून हरलेलं शहर आणि १९७३ मध्ये डेन्व्हरची जागा घेणारं शहर, दोघांनीही वर्षभराच्या आत तोच कौल दिला. फरक एवढाच की त्यांना यजमानपद मिळण्याआधी विचारलं गेलं होतं, म्हणून कुणाचं नाक कापलं गेलं नाही आणि कुणाला धावपळ करून दुसरा यजमान शोधावा लागला नाही.

डेन्व्हरने पुढे हिवाळी ऑलिंपिकचा पुन्हा विचार केला. २०१८ च्या अखेरीस अमेरिकेच्या समितीने त्याऐवजी सॉल्ट लेक सिटीला पुढे केलं आणि २०३४ ची स्पर्धा तिथे होणार आहे. २००२ च्या स्पर्धेच्या जागा अजून वापरात असल्यामुळे त्या शहराचं पारडं जड होतं. २०१९ मध्ये डेन्व्हरच्या मतदारांनी शहरासाठी नियम करून टाकला : यापुढे ऑलिंपिकवर सार्वजनिक पैसा खर्च करायचा असेल तर आधी मतदान घ्यावं लागेल. जवळजवळ ऐंशी टक्के मतं नियमाच्या बाजूने पडली.